दुखत नाही म्हणून…

आमच्या निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला येतो. कानडी शेजाऱ्यांची कारहुणवी आणि आमचा बेंदूर हा एकच दिवस. पलीकडच्या गावांत तोच सण आषाढात करतात. त्यामुळे सीमेवरच्या बैलाला दोन राज्यांत दोनदा पुरणपोळी मिळते, असा विनोद आमचे वडील करीत. विनोदाच्या वाटेला फारसे न जाणारा तो माणूस होता, म्हणून हा विनोद लक्षात राहिला.

त्यांची दुसरी एक गोष्टही लक्षात राहिली आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा असेन. घरच्या गाईचा खोंड, सर्जा, अडीच-तीन वर्षांचा झाला होता. माणसे अंगावर घेऊ लागला होता, दावे तोडून दुसऱ्याच्या रानात जात होता. एके सकाळी वडील म्हणाले, "आज ह्येला बडवायचा हाय. तू आत जा." मी आत गेलो नाही. गोठ्याच्या कुडाच्या फटीतून पाहत राहिलो.

ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यावर ते लादावेसे वाटत नाही. शेजारच्या गावाहून त्या कामातला एक म्हातारा आला होता. मऊ मातीत खोंडाला आडवा पाडला, चारही पाय बांधले, चार गड्यांनी धरला. मग शिरा दोन लाकडांमध्ये धरून ठेचल्या. पुढे सरकारी जनावरांच्या दवाखान्यात लोखंडी चिमटा आला आणि ते काम दोन मिनिटांचे झाले. पण त्या दिवशी ते दोन मिनिटांचे नव्हते. सर्जाचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री वडील जेवले नाहीत. आईने विचारले तेव्हा म्हणाले, "त्येचं काढून घेतलं आपण. आता जन्मभर त्येचं पोट आपल्या गळ्यात."

आमच्याकडे दोन भाषा शेजारी-शेजारी नांदतात, त्यामुळे एक गोष्ट सहज ध्यानात येते. मराठीत ज्याला आपण खोंड म्हणतो त्याला कानडीत होरी म्हणतात. बडवल्यानंतर तो मराठीत बैल होतो आणि कानडीत एत्तु. दोन्ही भाषांनी त्या जनावराचे नावच बदलले आहे. काहीतरी मोठे घडले, आधीचा प्राणी उरला नाही, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे. बेंदराला आपण ओवाळतो तो खोंडाला नव्हे, बैलाला. ज्याचे हिरावून घेतले त्यालाच वर्षातून एकदा देव म्हणायचे, अशी ही रीत आहे.

हे सगळे आत्ता आठवायचे कारण माझी नात. पुतण्याची मुलगी, म्हणजे नातच. बिदरला पशुवैद्यकी शिकली आणि आता भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या कामावर आहे. गेल्या उन्हाळ्यात चार दिवस राहायला आली. जेवताना तिच्या बोटांकडे लक्ष गेले. हातमोजे घालूनघालून कातडी सोललेली होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आबा, सकाळपास्नं एका मागोमाग एक पोटं उघडायची. कुत्र्याचं तरी बरं, कुत्रीचं पोट उघडून गर्भाशय नि अंडाशय काढावा लागतोय. मग चार दिवस पिंजऱ्यात ठेवायचं. टाके चाटती, कुरतडती. एखादी मरती पण."

मग तिने मला नव्या शोधांविषयी सांगितले. एक सुई टोचायची आणि जनावर वांझ व्हायचे. सुरी नाही, टाके नाहीत, पिंजरा नाही. मी तिच्याकडून काही कागद मागून घेतले आणि माझ्या मास्तरी बुद्धीला जमेल तसे वाचले. त्यातले समजलेले येथे सांगतो, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. तेथून थांबून थांबून, ठराविक अंतराने एक संप्रेरक सुटते. दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, एवढेच ते. ते जवळच असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या काही मोजक्या पेशींना निरोप देते. त्या पेशी मग रक्तात दुसरी संप्रेरके सोडतात, आणि ती जाऊन वृषणाला किंवा अंडाशयाला जागे करतात. जनावराचे वयात येणे, माजावर येणे, गाभण राहणे, हे सारे त्या दहा दुव्यांच्या साखळीने सुरू होते. ही साखळी सापडावी म्हणून अँड्र्यू शॅली आणि रॉजे गिल्मँ या दोन शास्त्रज्ञांच्या गटांनी वर्षानुवर्षे चढाओढ केली. एकाने डुकरांचे मेंदू घेतले, दुसऱ्याने मेंढ्यांचे, तेही कत्तलखान्यातून आणलेले आणि लाखांच्या हिशेबात. १९७१ साली साखळीची रचना उलगडली आणि १९७७ साली दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढच्या साऱ्या गोष्टीत ध्यानात ठेवायची बाब ही, की ही साखळी डुकरात, मेंढीत, कुत्र्यात, बैलात आणि माणसात एकच आहे.

आता नवी युक्ती अशी. ही साखळी म्हणजे किल्ली, आणि पिट्युटरीतल्या त्या मोजक्या पेशींवर तिचे कुलूप. किल्लीच्या पाठीवर विष बांधून पाठवले तर ते विष दुसरीकडे न जाता नेमके त्याच पेशींच्या दारात जाईल. अमेरिकेत पोकवीड नावाची एक रानटी वनस्पती आहे. तिच्यातले एक प्रथिन पेशीच्या आत गेले की पेशीचा प्रथिने बनवण्याचा कारखानाच बंद पाडते. आपल्या एरंडाच्या बीमध्ये जे रिसिन असते, त्याच्याच जातकुळीतले हे विष. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील टेरी नेट यांच्या गटाने हे प्रथिन त्या साखळीला जोडले. २००३ साली कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोतील संशोधकांनी प्रौढ नर कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. इंजेक्शननंतर कुत्र्यांच्या रक्तातले पुरुषी संप्रेरक खाली आले, वृषणे आक्रसली. परिणाम कायमचा मात्र ठरला नाही. काही काळाने शरीर पुन्हा मूळ पदावर येऊ लागले.

दुसरी वाट लुइझियानातील शास्त्रज्ञांची. मधमाशीच्या विषात मेलिटिन नावाचे पेप्टाइड असते. माशी चावल्यावर आग होते ती मुख्यतः त्याच्यामुळे. ते पेशीचे आवरणच फोडते. त्याच्या धर्तीवर त्यांनी तेवीस अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड घडवले आणि त्याला नाव दिले 'हेकेट'. ग्रीक पुराणात हेकेट ही चव्हाट्यांची आणि जादूटोण्याची देवता आहे आणि तिच्याबरोबर कुत्री असतात. हे वाचून मला क्षणभर आपल्या दत्तगुरूंच्या पायांशी बसलेली चार कुत्री आठवली. असो. या हेकेटला त्याच किल्लीची जोड दिली. विल्यम हॅन्सेल, कॅरोला लॉइश्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रामुख्याने कर्करोगावर वापरून पाहिले, कारण पुरस्थ ग्रंथीच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरही पुष्कळदा तेच कुलूप असते. उंदरांच्या अंगात वाढवलेल्या माणसाच्या गाठी त्याने आक्रसल्या. याच कल्पनेच्या पेटंटमध्ये जनावरांच्या वंध्यीकरणाचाही उपयोग नोंदवलेला आहे.

ही जोडरसायने अजून दवाखान्याच्या फडताळापर्यंत आलेली नाहीत. पण त्या दिशेची वाटचाल थांबलेलीही नाही. कुत्र्या-मांजरांना एकदाच टोचून कायमचे वांझ करणारे औषध शोधणाऱ्याला अडीच कोटी डॉलरचे बक्षीस अमेरिकेतील एका संस्थेने २००८ साली जाहीर केले. २०२३ साली आणखी वेगळ्या, जनुकाच्या पद्धतीने सहा मांजरींना इंजेक्शन दिले गेले आणि त्यांतली एकही व्याली नाही. तेव्हा आज ना उद्या ती सुई येणार, असे माझी नात म्हणते, आणि मला ते पटते.

"मग तुम्हाला बरं वाटायला पाहिजे की आबा," ती म्हणाली. "तुम्हीच तर सर्जाच्या आवाजाचं सांगत असता."

मला बरे वाटायला हवे होते. वाटलेही. पण संपूर्ण वाटले नाही. का, याचा शोध मी गेले काही महिने घेतो आहे.

पहिले उत्तर सुचले ते असे. कर्करोगाची पेशी मारणे आणि त्या पिट्युटरीतली पेशी मारणे यांत बाण एकच असला तरी न्याय एकच नाही. कर्करोगाची पेशी शरीराचे नियम मोडून त्याच शरीराला खात असते. तिला मारले तर ज्याचे शरीर त्याचेच भले होते. कुत्र्याच्या डोक्यातली ती पेशी मात्र आजारी नाही. ती नेमून दिलेले काम चोख करीत असते. तिला मारल्याने भले होते ते कुत्र्याचे नव्हे, आपले. फार तर न जन्मलेल्या पिलांचे म्हणा. विष नेमक्या ठिकाणी पोहोचले हे शास्त्राचे यश आहे. ते तेथे का पाठवले, याचा जबाब शास्त्राकडे मागता येत नाही, तो आपल्याला द्यावा लागतो. निशाण अचूक लागले म्हणून शिकार न्याय्य ठरत नाही.

आणि हरवते ते केवळ पिलू घालण्याचे सामर्थ्य नव्हे. माणसाच्या नसबंदीत फक्त वाट बंद करतात, संप्रेरके तशीच राहतात, माणूस आधीचाच असतो. येथे उगमच आटवायचा आहे. जनावराचा मस्तवालपणा, त्याची हद्द राखण्याची ईर्ष्या, माजाची ओढ, सगळे त्या पाण्यावर वाढते. खोंडाचा बैल होतो, तसेच हे. आज सुरीने वृषणे आणि अंडाशय काढतात तेव्हाही हेच होते, हे मान्य. फरक एवढाच, की सुरीनंतर जखम दिसते. सुईनंतर काही दिसणार नाही.

हे मी नातीला सांगितले. ती ऐकून घेते, हे तिचे वैशिष्ट्य. मग म्हणाली, "आबा, त्या कुत्रीला तुमचं तत्त्वज्ञान नको हाय. तिला टाके नको आहेत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. ज्याचे पोट उघडायचे नाही त्याने पोट उघडण्यातल्या नैतिक मूल्याविषयी बोलू नये. दुःख माणसाला शहाणे करते, हे म्हणण्याचा अधिकार ज्याचे दुःख त्यालाच. दुसऱ्याच्या दुःखातून आपण शहाणे होऊ म्हणणे हे हिंसेचेच एक रूप आहे. शिवाय कुत्र्यांचा प्रश्न खोटा नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने दरवर्षी किती माणसे मरतात याचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातात आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मूल जवळपास कधीच वाचत नाही. ज्या आईने ते पाहिले आहे तिच्यासमोर कुत्र्याच्या पिट्युटरीची बाजू मांडायचे धैर्य मला तरी होणार नाही.

तेव्हा सुई यावी. लवकर यावी. एवढे स्पष्ट म्हटल्यावर मग माझ्या मनात जे उरले आहे ते सांगतो. ते सांगायला मला पन्नास वर्षे मागे जावे लागते आणि ती जागा मला सुखाची नाही.

१९७६ साली मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावी शाळामास्तर होतो. आणीबाणी चालू होती. कुटुंबनियोजनाच्या केसेस आणण्याचा कोटा मास्तरांच्याही वाट्याला आला होता. कोटा पुरा झाला नाही तर पगार अडेल, बदली होईल, असे आम्हाला सांगितले जाई. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. कायदा झाला नाही, पण केसेस झाल्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या तीन माझ्या.

तिघांतला एक शेतमजूर होता. त्याचे नाव लिहीत नाही. त्याचा मुलगा माझ्या वर्गात दुसरीत होता, घरी एक मुलगी आणि एक तान्हे होते. मी त्याच्या झोपडीत गेलो, घोंगडीवर बसलो, त्याने दिलेला चहा घेतला. तो घाबरला होता. मला आठवते, मी त्याला लोकसंख्येविषयी काही सांगितले नाही, देशाविषयी नाही, त्याच्या संसाराविषयीही नाही. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "अरे, दुखत नाही. काही दुखत नाही. दहा मिनिटांत चालत घरी येशील." तो गुरुजींच्या शब्दावर आला. आणि खरेच, चालत घरी गेला.

दोन पावसाळ्यांनी गावात कावीळ आली. त्यात त्याची धाकटी दोन्ही मुले गेली. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो दाराशी उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "गुरुजी, ते परत उघडता येतंय काय?" मी म्हटले, कोल्हापूरला विचारून बघू. दोघांनाही ठाऊक होते की कोणी विचारणार नाही. जाताना तो म्हणाला, "तुमी खोटं बोलला न्हाईसा. दुखलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

तेव्हापासून 'दुखत नाही' या दोन शब्दांची मला भीती वाटते. ते बहुधा खरेच असतात, आणि खरे असल्यामुळेच पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. दुखते आहे का, हा एक प्रश्न. घेण्याचा आपल्याला हक्क आहे का, आणि घेतल्यावर आपण काय देणे लागतो, हे दुसरे. पहिल्याचे उत्तर 'नाही' आले की दुसऱ्यांची उत्तरे मिळाल्यासारखी वाटतात. नवी सुई आली की नगरपालिकांचे आकडे भराभर वाढतील, आणि आकडे वाढले की हे दुसरे प्रश्न विचारायला कोणालाही सवड राहणार नाही. हे मी कुणावर आरोप म्हणून सांगत नाही. मी स्वतः आकडा भरणारा माणूस होतो.

कधी कधी रात्री असेही मनात येते, की त्या साली माझ्या हातात सुरीच्या डॉक्टराऐवजी अशी सुई असती तर? शिबिर नको, रांग नको, समजूत घालायला घोंगडीवर बसणे नको. किल्ली तर माणसाची आणि कुत्र्याची एकच आहे. मला तिघांच्या घरी जावे लागले, त्यांच्या डोळ्यांत पाहावे लागले, निदान एवढा त्रास तरी झाला. तो त्रास नसता तर मी तिघांवर थांबलो असतो का? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे.

येथे कोणी म्हणेल, माणसाची गोष्ट वेगळी, कुत्र्याची वेगळी. माणसाला संमती विचारता येते. कुत्र्याला येत नाही. बरोबर आहे. पण ज्याला विचारता येत नाही त्याच्याविषयी आपली जबाबदारी कमी होते की वाढते? तान्ह्या मुलाला विचारून आपण लस टोचत नाही. पण टोचल्यावर रात्रभर त्याला ताप येईल म्हणून जागतो. न विचारता घेतलेल्या निर्णयाची किंमत जागरणाने चुकवायची असते. वडिलांना शास्त्र ठाऊक नव्हते, पण हे ठाऊक होते. त्यांनी सर्जाला विचारले नाही. त्या रात्री जेवले नाहीत आणि त्याचे पोट गळ्यात घेतले.

वडिलांना मी देव करू नये, म्हणून पुढचेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळात कडब्याची पेंडी मिळेना. सर्जा म्हातारा झाला होता. वडिलांनी त्याला आठवड्याच्या बाजारात नेऊन विकला. कोणाला, ते त्यांना माहीत होते. परत आले ते रिकामे दावे घेऊन. त्या वर्षीच्या बेंदराला आमच्या घरी पुरण शिजले नाही. ऋण फिटले नव्हते आणि पुरणपोळीने ते फिटणारही नव्हते. पण आपण बुडवले आहे, एवढे त्या माणसाला कळत होते. मरेपर्यंत त्यांनी ते रिकामे दावे खुंटीवरून काढले नाही.

कुत्र्यांविषयीही आपल्याकडे एक जुना वाद आहे. १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकांनी आवारात शिरलेली साठेक कुत्री मारवली. सारे शहर खवळले. गांधीजींनी गिरणीमालकांची बाजू घेतली आणि 'यंग इंडिया'त या विषयावर लेखांमागून लेख लिहिले. अहिंसेच्या पुजाऱ्याने हे कसे लिहिले म्हणून रागाची पत्रे येत राहिली. त्यांचे मारण्याविषयीचे मत पटो वा न पटो, त्यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. रस्त्यावर बेवारशी कुत्री हिंडतात ही समाजाची लाज आहे. त्यांना भाकरीचा तुकडा टाकून पुण्य पदरात पाडायचे आणि त्यांची जबाबदारी मात्र कोणी घ्यायची नाही, ही दया नव्हे. पाळायचे तर नीट पाळा, असा त्यांचा आग्रह होता.

शंभर वर्षे होत आली, आपण तेथेच आहोत. १९९० च्या दशकापर्यंत अनेक शहरांत कुत्री मारली जात. २००१ साली नसबंदी करून परत सोडण्याचे नियम आले, २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सारी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लस करून कुत्री परत सोडा, पिसाळलेली व हल्लेखोर तेवढी वगळा, खायला घालायच्या जागा ठरवा. त्या अकरा दिवसांत वर्तमानपत्रांत दोन तट पडले होते. एकाला कुत्री दिसायला नको होती, दुसऱ्याला ती हवी होती. त्यांचे देणे कोणी द्यायचे, हा प्रश्न दोन्हीकडे मला फारसा दिसला नाही.

मला वाटते, गोष्ट येथे आहे. आपण जनावराकडून घेतो, हे अटळ आहे. बैलाकडून घेतले, कुत्र्याकडून घेणार. घेण्याची रीत कमी क्रूर होत जावी, हीच माणसाची प्रगती. पण आजवर घेतल्याची आठवण आपल्याला त्या क्रौर्यानेच राहत आली. किंकाळी, रक्त, टाके हे आपल्या देण्याचे हिशेब होते. शास्त्र ते पुसून टाकणार आहे, आणि ते चांगलेच आहे. आता हिशेब लक्षात ठेवण्याचे काम आपल्या स्वतःच्या मनाला करावे लागेल. दुखले नाही तरी घेतले आहे, हे न दुखता आठवणे हे दुखून आठवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

नात परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला विचारले, "ती सुई आल्यावर कानाची खाच राहणार का गं?" नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी एक खाच मारतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे.

"राहणारच की," ती म्हणाली. "नाहीतर कुणाला टोचलंय नि कुणाला नाही, ओळखायचं कसं? उलट सुईला खूणच नाही. खाच जास्तच लागंल."

मला ते ऐकून, का कोण जाणे, थोडे समाधान वाटले.

दिवाळीच्या आधी आमच्या वसाहतीतली कुत्री धरून नेण्यासाठी गाडी आली. त्याआधी एक कागद घरोघर फिरला. नसबंदीला हरकत नाही म्हणून सर्वांनी सह्या केल्या, मीही केली. कागदाच्या शेवटी एक रकाना होता: परत सोडल्यावर खाणेपिणे आणि दरवर्षीची लस यांकडे कोण लक्ष देणार. तो रकाना कागद माझ्याकडे येईपर्यंत कोराच होता. मी त्यात माझे नाव लिहिले आणि शेजारच्या कानडी सद्गृहस्थांनी, थोडे थांबून, माझ्याखाली आपले.

आमच्या गल्लीतली तांबडी कुत्री पाचव्या दिवशी परत आली. पोटावरचे केस काढलेले, डाव्या कानाला खाच. पायरीपाशी येऊन बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. सुई अजून यायची आहे, तेव्हा तिला दुखले असणार. मी आतून भाकरी आणि दूध आणून तिच्यापुढे ठेवले. ती खात होती तोवर मी तेथेच उभा होतो. वडील असते तर म्हणाले असते, आता हिचं पोट आपल्या गळ्यात.